आय-७ घेतला म्हणजे गेम सुरळीत चालेल का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पुण्यात कर्वेनगरला मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा एक वाचक लिहितो : दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाने त्याला लॅपटॉप घेऊन दिला. त्यात इंटेलचा कोअर आय-५ १२३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी आहे. अभ्यासाला तो पुरतो. पण रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट किंवा जीटीए फाइव्ह खेळायला बसले की पहिली काही मिनिटे बरी जातात आणि मग चित्र अडखळू लागते. खोलीतल्या मित्राचा लॅपटॉप दोन पिढ्या जुना आहे. त्यात आय-५ १०३००एच आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे आणि त्यावर हेच गेम विनातक्रार चालतात. दुकानदाराचे म्हणणे असे की, गेमिंगला आय-७च लागतो. जुना लॅपटॉप देऊन दसऱ्याला आय-७ १३५५यूचा नवा लॅपटॉप घ्यावा, असा हिशेबही त्याने कागदावर मांडून दिला आहे. शिवाय माहितीपत्रकात ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्स लिहिलेले असताना विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसते, तेव्हा आपण फसवले गेलो की काय, अशी शंका वाचकाला आहे. भावाच्या डोक्यावर घराच्या कर्जाचे हप्ते आहेत. त्याच्याकडे पुन्हा पैसे मागावेत का, आणि मागायचेच तर नेमके कशासाठी?

उत्तर

प्रिय वाचक,

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचे निवांत वाचता येईल. दुकानदाराने मांडून दिलेला व्यवहार करू नका. आय-५ १२३५यू देऊन आय-७ १३५५यू घेतल्याने तुमचे गेम जाणवण्याइतके सुधारण्याची शक्यता फार कमी आहे. मात्र तुमचा लॅपटॉप आज जितका मंद चालतो आहे, तितका मंद तो मुळात नाही. याचे पुरावे तुम्ही स्वतःच पत्रात ओघाओघाने देऊन गेला आहात. पहिली काही मिनिटे बरी जातात, हा एक; डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएचडी दिसते, हा दुसरा; आणि मित्राचा जुना लॅपटॉप तुमच्या नव्यापेक्षा सरस चालतो, हा तिसरा.

आय-७ म्हणजे आय-५पेक्षा वरचढ, हे तुमचे आणि दुकानदाराचेही गृहीतक आहे. एकाच गटातले, एकाच पिढीतले दोन प्रोसेसर शेजारी ठेवले तर ते ढोबळमानाने खरेही ठरते. पण वरचढ म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही. १२३५यू आणि १३५५यू या दोन्हींत दहाच कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, आहेत, दोन वेगवान आणि आठ काटकसरी. थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा, दोन्हींत बारा. दोन्हींची मूळ वीजमर्यादा १५ वॅट. कमाल वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्‌झ, तर दुसऱ्याचा ५ गिगाहर्ट्‌झ. अंगभूत, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या, ग्राफिक्समध्ये एकाला ८० एक्झिक्यूशन युनिट्स, म्हणजे चित्राचे हिशेब करणारे छोटे भाग, आहेत, दुसऱ्याला ९६. कागदावर ही वाढ वीस टक्क्यांची दिसते. ती पडद्यावर उतरायची तर त्या युनिट्सना पुरेशी मेमरी आणि पुरेशी वीज मिळाली पाहिजे, आणि आज तुमच्या लॅपटॉपमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी अपुऱ्या पडत आहेत. नव्या लॅपटॉपमध्येही त्या अपुऱ्याच राहिल्या तर ९६ युनिट्स ८०सारखीच उपाशी बसतील. खोक्यावरचा आकडा त्या त्या गटातली पायरी सांगतो. गट कोणता, हे मात्र मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरावरून कळते. तुमचा गट ‘यू’ आहे, म्हणजे हलक्या, कमी वीज खाणाऱ्या लॅपटॉपचा. मित्राचा ‘एच’ आहे आणि त्याची मूळ वीजमर्यादा ४५ वॅट आहे.

आता मित्राच्या लॅपटॉपकडे वळू. त्याच्या प्रोसेसरमध्ये चारच कोअर आहेत, आणि नुसती प्रोसेसरची तुलना केली तर तुमचा त्याच्यापेक्षा सरस आहे. तरीही तो पुढे जातो, कारण गेममधले बहुतेक अवजड काम प्रोसेसरचे नसते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कुठे आदळली, ग्राफिक्सला पुढे काय काढायला सांगायचे, ही कामे प्रोसेसरची. ते दृश्य ठिपक्याठिपक्याने रंगवणे हे ग्राफिक्सचे काम. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि सेकंदाभरात बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवून व्हावे लागतात. सावल्या, धूर, प्रकाश यांसाठी त्यांतले कित्येक ठिपके पुन्हा पुन्हा मोजले जातात ते वेगळेच. या सगळ्यासाठी ग्राफिक्सला मेमरीतून अखंड माहिती ओढावी लागते. जीटीएक्स १६५०ला स्वतःची ४ जीबी मेमरी आहे आणि तिचा वेग सेकंदाला किमान १२८ जीबी आहे. ती मेमरी कुणाशी वाटून घ्यावी लागत नाही.

अंगभूत ग्राफिक्सला अशी स्वतःची मेमरी नसते. ते लॅपटॉपच्या साध्या रॅमवरच भागवते, आणि तीही प्रोसेसरबरोबर वाटून घेते. तुमच्या लॅपटॉपमध्ये डीडीआर४-३२०० जातीची एकच ८ जीबीची पट्टी असावी, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर सगळ्यांना मिळून सेकंदाला २५.६ जीबी एवढाच वेग मिळतो, म्हणजे मित्राच्या कार्डाच्या पाचवा हिस्सा, आणि त्यातही प्रोसेसर वाटेकरी. तीच रॅम दोन पट्ट्यांत असती तर दोन्ही चॅनेल, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या दोन वाटा, एकदम चालले असते आणि वेग ५१.२ जीबीवर गेला असता.

हा अंदाज मी हवेत बांधलेला नाही. तो तुमच्या यूएचडीच्या तक्रारीवरून बांधला आहे. तुमच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’च आहे, माहितीपत्रक खोटे नाही. पण इंटेलची अट अशी आहे की मेमरी दोन्ही चॅनेलवर चालत असेल तरच त्याला आयरिस एक्सई म्हणायचे. एकाच चॅनेलवर असेल तर तेच ग्राफिक्स ‘यूएचडी’ या नावाने दिसते. चिप तीच, युनिट्स तीच, फक्त नाव उतरते, आणि नावाबरोबर गेममधला वेगही उतरलेला असतो. एवढी मोलाची गोष्ट खरेदीच्या वेळी ग्राहकाला क्वचितच कुणी सांगते. त्याला फसवणूक म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, पण त्यातून सुटका स्वस्त आहे.

ती अशी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यातल्या परफॉर्मन्स विभागात मेमरीवर गेलात की खालच्या बाजूला रॅमचा वेग आणि किती खाचा वापरात आहेत हे लिहिलेले दिसेल. ‘दोनपैकी एक’ असे दिसले तर दुसऱ्या खाचेत तशीच ८ जीबीची डीडीआर४-३२०० पट्टी बसवून घ्या. पट्टी लॅपटॉपची, म्हणजे एसओ-डिम जातीची हवी. डेस्कटॉपची पट्टी लांब असते आणि ती बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये एक मेमरी बोर्डावरच डाग दिलेली असते आणि खाच एकच असते, तरी ती खाच रिकामी असेल तर काम होते. सगळीच मेमरी डाग दिलेली असेल, तर मात्र हा मार्ग बंद. वॉरंटी शिल्लक असेल तर लॅपटॉप उघडण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून घ्या, कारण याबाबत प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे आहेत. तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या आसपास पट्टी मिळून जाईल, पण ती समोर बसवून घ्या, लॅपटॉप तिथेच चालू करायला सांगा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहा. यूएचडीच्या जागी आयरिस एक्सई हे नाव आलेले दिसले की पैसे द्यायला हरकत नाही. रॅमच्या किमती बऱ्याच वरखाली होत असतात, म्हणून आकडा लिहीत नाही, पण नव्या लॅपटॉपच्या तुलनेत हा खर्च किरकोळच राहील.

याचा फायदा दुहेरी आहे. मेमरीचा वेग दुप्पट होतो, आणि ८ जीबीची १६ जीबी होते. आज तुमच्या ८ जीबीमधून विंडोज, ब्राउझरचे उघडे टॅब आणि डिस्कॉर्ड यांचा वाटा जातो आणि उरलेल्यातून ग्राफिक्सलाही उसनवारी करावी लागते. रॅम संपली की संगणक एसएसडीवरून काम भागवू लागतो. खेळ अधूनमधून अर्धा-एक सेकंद गोठून पुन्हा चालू होत असेल, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. सरासरी वेग चांगला दिसत असतानाही हे गोठणे खेळाचा विचका करते. दुसरी पट्टी बसल्यावर फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे, किती वाढतील, हे गेमवर अवलंबून राहील; पण अंगभूत ग्राफिक्सवर ताण देणाऱ्या गेममध्ये तिसऱ्या हिश्श्याइतकी वाढ दिसली तर मला नवल वाटणार नाही.

पट्टीने न सुटणारा एक प्रश्न मात्र उरतो. पहिली काही मिनिटे बरी जातात, असे तुम्ही लिहिले आहे. मेमरी कमी असेल तर खेळ पहिल्या मिनिटापासून अडखळतो. आधी नीट चालून नंतर मंदावणे हे उष्णतेचे आणि विजेचे लक्षण आहे. १२३५यू थोड्या वेळासाठी ५५ वॅटपर्यंत उडी मारू शकतो. तेवढ्यात उष्णता वाहून नेणारी धातूची नळी आणि पंखा तापतात, आणि मग तो मुकाट्याने १५ वॅटच्या आसपास परततो. हे १५ वॅट प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांत मिळून असतात. एकाच एमसीबीवर गीझर आणि इस्त्री लावल्यासारखा हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथे फ्यूज उडत नाही, दोन्ही उपकरणे निमूटपणे मंद चालू लागतात. मित्राच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरसाठी वेगळी सोय आहे, जीटीएक्स १६५०साठी आणखी पन्नास वॅटपर्यंतची वेगळी, आणि ती उष्णता बाहेर काढायला मोठे पंखे. त्याचा लॅपटॉप जाड आणि जड का, हे इथे कळते.

तुमच्या हातात काय आहे? लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर घेऊन खेळत असाल तर ते आजपासून बंद करा, कारण हवा आत घेण्याची जाळी तळाशी असते आणि गादी ती पुरती बुजवते. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन बोटे उचलली तरी फरक पडतो. त्यासाठी महागडा कूलिंग पॅड लागत नाही, जुने पुस्तकही चालते. पुण्यात जिथे पाहावे तिथे बांधकामे चालू आहेत, आणि दोन वर्षांत पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत त्या धुळीचा थर बसलेला असणारच. रॅम बसवायला लॅपटॉप उघडाल तेव्हाच पंखा साफ करून घ्या, दोनदा हेलपाटा नको. चार्जर जोडूनच खेळा. विंडोजमधला पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा. आणि गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधून टाका. व्हॅलोरंटसारखा गेम मोकळा सोडला तर क्षणभर शंभरावर जाईल आणि त्या पायी तापून पुढे चाळिशीवर येईल. डोळ्याला त्यापेक्षा एकसारखे साठ केव्हाही सुखाचे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दुपारच्या खेळाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

व्हिडिओंमध्ये सांगितल्या जाणाऱ्या दोन युक्त्यांपासून सावध राहा. प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवली की लॅपटॉप तापत नाही, असे एक सांगितले जाते. त्याने टर्बो, म्हणजे गरजेला मूळ वेगापलीकडे जाण्याची सोय, बंद होतो आणि तुमच्या प्रोसेसरच्या वेगवान कोअरचा मूळ वेग केवळ १.३ गिगाहर्ट्‌झ आहे. तो थंड राहील हे खरे, पण गेम रांगत चालेल. दुसरी युक्ती विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्सची मेमरी, वाढवण्याची. त्याने फक्त दाखवला जाणारा आकडा बदलतो, मेमरी तीच राहते. ‘गेम बूस्टर’ नावाच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक चाचणी नक्की करा, कारण माझा अंदाज चुकीचा ठरण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. विंडोज आणि जी ही बटणे एकदम दाबली की गेम बार उघडतो. त्यात फ्रेम, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि रॅम यांचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवता येतात. जीटीएमध्ये शहराचा एकच ठरावीक फेरफटका निवडा. तो आधी १९२० बाय १०८० वर आणि मग १२८० बाय ७२० वर मारा. ७२०मध्ये ठिपके निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे ९ लाख २२ हजार असतात. फ्रेम भराभर वाढल्या तर अडचण ग्राफिक्सची आणि मेमरीच्या वेगाची आहे. ठिपके निम्मे करूनही फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर अडचण प्रोसेसरपाशी आहे, म्हणजे एक तर तो तापून मंदावला आहे किंवा त्याला वीज पुरत नाही. रॅमचा आकडा नव्वदीच्या वर चिकटून बसला असेल तर जागाच कमी पडते आहे. यातले आकडे पहिल्या पाच मिनिटांनंतर एकदा आणि वीस मिनिटांनंतर एकदा लिहून ठेवा. हा कागद घेऊन दुकानात गेलात तर दुकानदाराचे बोलणेही बदलेल.

रॅम आणि साफसफाई झाल्यावर काय मिळेल, याचीही वास्तव कल्पना असू द्या. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला तेव्हा त्याची किमान अपेक्षा इंटेलच्या एचडी ४००० या खूप जुन्या अंगभूत ग्राफिक्सची होती. तो तुमच्या लॅपटॉपवर कमी सेटिंगला ६०च्या पुढे सहज गेला पाहिजे. २०१५ मधला मूळ जीटीए फाइव्ह कमी-मध्यम सेटिंगला, रिझोल्यूशन थोडे उतरवून, समाधानाने खेळता येईल. पण त्याची मार्च २०२५ मध्ये आलेली ‘एनहान्स्ड’ आवृत्ती वेगळी आहे. तिला किमान जीटीएक्स १६३०च्या तोडीचे कार्ड आणि एसएसडी लागते. तुम्ही तीच उतरवून घेतली असेल तर ‘लेगसी’ आवृत्तीकडे परत या. अर्थात दोन्ही आवृत्त्यांतले खेळाडू ऑनलाइन एकत्र खेळू शकत नाहीत, म्हणून मित्रांकडे कोणती आहे हे आधी विचारा. सायबरपंक २०७७ सारखे गेम मात्र या लॅपटॉपचा प्रांत नव्हे. त्यासाठी कितीही पट्ट्या बसवल्या तरी उपयोग नाही.

हे सगळे करूनही समाधान झाले नाही आणि वर्षा-दोन वर्षांनी नवा लॅपटॉप घ्यायचाच ठरला, तर अंगभूत ग्राफिक्स म्हणजे टाकाऊ, हे दुसरे गृहीतकही सोडून द्यावे लागेल. ते आता सरसकट खरे राहिलेले नाही. एएमडीच्या रायझन ७ ७८४०एचएस किंवा ८८४०एचएसमधले रेडिऑन ७८०एम, किंवा इंटेलच्या २०२४ मधल्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेतले आर्क १४०व्ही ही ग्राफिक्स वेगवान मेमरीबरोबर तुमच्या मित्राच्या जीटीएक्स १६५०च्या आसपास पोहोचतात. आर्क १४०व्हीला मिळणारा मेमरीचा वेग सेकंदाला १३६ जीबीच्या घरात आहे, आणि सारे गुपित तिथेच आहे. पाठीवर सॅक टाकून पीएमपी बसच्या गर्दीतून रोज कॉलेजला जाणाऱ्यासाठी असा हलका लॅपटॉप हा माझ्या मते आज सर्वांत शहाणा पर्याय आहे. फक्त या गटातल्या लॅपटॉपची मेमरी बहुतेक वेळा बदलता येत नाही, म्हणून १६ जीबीच्या खाली उतरू नये.

नावांचा घोळ मात्र इथे फार आहे, आणि ग्राहक नेमका त्यातच अडकतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७६४०एचएस ही नावे ऐकायला सख्ख्या भावांसारखी. पण पहिल्यात ग्राफिक्सची दोनच कॉम्प्युट युनिट्स आहेत आणि दुसऱ्यात आठ. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहायचा असतो : २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे जुनी, आणि ४ असेल तर झेन ४. इंटेलकडे आय-५ १२४५०एच हा ‘एच’ गटातला दणकट प्रोसेसर आहे, पण त्याच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ४८च युनिट्स आहेत, तुमच्या ‘यू’पेक्षाही कमी, कारण त्याच्या जोडीला वेगळे कार्ड असेल हे धरूनच तो बनवला आहे. कार्डाविना तो गेमिंगच्या नावावर विकला जात असेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे. तसेच ‘कोअर ५ १२०यू’ हे नाव नवे असले तरी त्यात ‘अल्ट्रा’ हा शब्द नाही आणि आतली रचनाही तुमच्या ओळखीचीच आहे, दोन आणि आठ कोअरची.

वेगळ्या कार्डाचा लॅपटॉप घ्यायचा तर कार्डाच्या नावापाशी थांबू नका, त्याला किती वॅट दिले आहेत ते विचारा. आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपचे कार्ड ३५ ते ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेले असू शकते, आणि दोन्ही टोकांना नाव एकच. हा आकडा दुकानातल्या पाटीवर नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात शोधावा लागतो. तोही सापडला नाही तर चार्जर उलटा करून पाहा. त्यावर २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर लिहिले असेल तर तो ६५ वॅटचा झाला, आणि त्यावर दमदार कार्ड पूर्ण ताकदीने चालणे शक्य नाही. २० व्होल्ट आणि ९ अँपिअर म्हणजे १८० वॅट, तेव्हा बोलणी पुढे न्यावीत. तो चार्जर विटेएवढा असतो, बॅटरीवर गेमचा जोर ओसरतो आणि पंख्यांचा आवाज खोलीभर होतो, हेही त्यासोबत येते.

मुलांसाठी लॅपटॉप घेणाऱ्या पालकांचीही अशीच पत्रे येतात, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठीही. अभियांत्रिकीला गेमिंग लॅपटॉप लागतोच, हे सरसकट खरे नाही. कोडिंग, अहवाल, साधे सिम्युलेशन यांना १६ जीबी रॅम आणि चांगला प्रोसेसर पुरतो. त्रिमितीय डिझाइन किंवा मशीन लर्निंगचे काम खरोखरच करणाऱ्याला वेगळ्या कार्डाचा उपयोग होतो. विषय कोणता, हे मुलाला आधी विचारावे, आणि गेम खेळायचे असतील तर तेही त्याने मोकळेपणाने सांगितले तर बरे. खेळणे हा गुन्हा नाही. ते अभ्यासाच्या नावाखाली खपवले की हिशेब चुकतो.

आता दादाचा विषय. तुमच्या पत्रात संकोच दिसतो आणि तो मला समजतो. पण पैसे मागावेत की नाही यापेक्षा किती आणि कशासाठी मागायचे, हे आधी ठरू द्या. वरची चाचणी करा, आकडे लिहा, आणि रॅमच्या एका पट्टीचा खर्च त्यांच्यापुढे ठेवा. कदाचित तो तुम्ही दोन महिन्यांच्या खर्चातून स्वतःच उचलू शकाल आणि मागण्याची वेळच येणार नाही. कुठे इंटर्नशिप किंवा नोकरी मिळाल्यावर पुढचा लॅपटॉप तुम्ही स्वतः घ्याल, असे माझे मन सांगते, आणि तोवर तुम्हाला हव्या त्या ताकदीचे लॅपटॉप आजच्यापेक्षा कमी पैशांत मिळत असण्याची शक्यताही बरीच आहे.

दसऱ्याची मुदत मनावर घेऊ नका. एक्सचेंजच्या अशाच योजना दिवाळीला, पाडव्याला आणि सव्वीस जानेवारीच्या सुमारासही असतात. पट्टी घेताना एवढे लक्षात असू द्या की, डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या नव्या लॅपटॉपला बसणार नाही. म्हणून पुढे उपयोगी पडेल या हिशेबाने ८ जीबीच्या जागी १६ची घेऊन पैसे अडकवू नका, आणि कधी काळी हा लॅपटॉप एक्सचेंजला दिलात तर मोल ठरवताना त्यात १६ जीबी आहे हे दुकानदाराला आवर्जून दाखवा.